वडजाईच्या जत्रेतले पाच दिवस

माझ्या थोरल्या मुलीचं, सुलाबाईचं लग्न १९७३ सालच्या वैशाखात झालं. ते दुष्काळाचं वर्ष. विहिरीत घागर बुडत नव्हती, म्हणून चार माणसांत लग्न उरकलं. त्याच लग्नाला माझा धाकटा भाऊ गुंडा पलटणीतून पेन्शन घेऊन कायमचा घरी आला. त्यामुळं ते साल मी विसरत नाही. पुढं जे सांगायचं आहे ते त्यानंतर आलेल्या माघातलं, वडजाईच्या जत्रेतलं आहे.

गुंडा घरी आला आणि आठ दिवसांत गावाला हसायला विषय मिळाला. तो सकाळी उठायचा नाही. आमच्या घरात चारला उठणं हा कायदा होता. शेण, वैरण, धारा, मग रान. वडलांनी आम्हाला तसंच वाढवलं आणि मी माझ्या पोरांना तसंच वाढवलं. गुंडा मात्र सोप्यात घोंगडं ओढून ऊन तोंडावर येईपर्यंत झोपायचा. मग उठून चहा घ्यायचा, तोही बसून, निवांत, बशीत ओतून.

शेजारचा हंबीरराव एकदा मुद्दाम आठ वाजता आला.

“हवालदार, सूर्य कासराभर वर आला की! पलटणीत आसंच झोपत हुता व्हय? मग लढाई कोण करत हुतं?”

घोंगड्यातूनच उत्तर आलं, “तुमच्यासारखी पहाटं उठणारी चिक्कार हुती. त्येंनीच केली.”

हंबीरराव हसला. मी हसलो नाही. मला लाज वाटत होती. मी गुंडाला म्हणालो, “लोकं नावं ठेवत्यात गड्या.”

“ठिवू देत. सतरा वर्सं बिगूल वाजला की उठलूय दादा. आता बिगूलवाला मेला आसं समज.”

यात एक खरी गोष्ट होती, ती त्यानं मला एकट्याला सांगितली होती. बर्फातल्या एका ठाण्यावर त्याची छाती धरली होती. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पहाटेच्या गारठ्यात बाहेर पडू नका. मी ते ऐकलं आणि मनात म्हणालो, झोपायला बरं निमित्त सापडलं.

आता आमच्या घराण्याचा मान सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आम्हाला दिवटे म्हणतात. बोरखळी आमचं गाव, तासगावकडून कराडला जाताना लागतं. तिथून पाच कोसांवर वडजाईचा माळ आहे. माघी पुनवेपासून पाच दिवस देवीची जत्रा भरते. पुनवेच्या पहाटे देवीपुढची पहिली दिवटी आमच्या घराण्यानं पेटवायची. दिवटी म्हणजे हातात धरायची लहान मशाल. पुरुषानं ती धरायची, त्याच्या बायकोनं बुधलीतून तेल घालत राहायचं. जोडपंच लागतं, एकट्याचं काम नाही. दिवटी पेटली की उजाडायच्या आत निघायचं, अनवाणी पाच कोस चालायचं, कुठं थांबायचं नाही, मागं बघायचं नाही. घरी येऊन त्या जाळानं भिंतीतल्या देवळीतला दिवा लावायचा आणि पाच दिवस तो तेवत ठेवायचा. ते पाच दिवस त्या जोडप्यानं उंबरा ओलांडायचा नाही.

म्हणजे असं, की ज्या जत्रेचा पहिला मान आमचा, ती जत्रा आम्ही कधी बघितलीच नव्हती. आम्ही अंधारात जायचो आणि अंधारात निघायचो. पाळणे दोरांनी बांधलेले असायचे, दुकानांवर पोती टाकलेली असायची, हलवाई भट्टीशेजारी घोरत असायचा. माझ्या बापानं तेवढीच जत्रा बघितली, आणि मी तेवढीच. आम्हाला त्याचा अभिमान होता. लोक गर्दीत चेंगरायला जातात, आम्ही गर्दीच्या आधी जाऊन येतो, असं मी पाव्हण्यारावळ्यांत सांगायचो.

गुंडाची बायको रंगूबाई. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, पण दोघांचा संसार सुट्टीपुरता. वर्षातून एकदा तो यायचा, कधी तेही नाही. मूलबाळ नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत त्यानं तिला सांगितलं होतं की वडजाईच्या जत्रेत पाळण्यात बसवीन, दिवे लागल्यावर, वरून सगळी जत्रा दाखवीन. मग सुट्टी कधी माघात आलीच नाही. त्याचं पत्र यायचं, ते चावडीत मास्तर वाचून दाखवायचे, आणि त्यात शेवटी हमखास असायचं, ‘पाळण्याचं ध्यानात आहे असं घरी सांगावं.’ ‘घरी’ म्हणजे रंगूबाईला. मास्तर तिथं जरा थांबून हसायचे. मी खाली मान घालायचो.

त्या वर्षी पौष सरताना गुंडानं जेवताना विषय काढला.

“दादा, औंदा समदी जत्रंला जाऊ. तेरशीला गाडी जुपायची. दोन दिवस आधी जायचं, चिंचंखाली मुक्काम करायचा. पुनवंला पहाटं तू आन वयनी दिवटी घिऊन या घरी. आमी आन सुली ऱ्हातो मागं. पाळणा बघतो, आरशाचा तंबू बघतो, मग येतो सावकाश.”

“दोन दिवस आधी जाऊन करायचं काय?” मी म्हणालो.

“कायबी न्हाई.”

“कायबी न्हाई म्हंजे?”

“म्हंजे झोपायचं. उठायचं. भजी खायाची. परत झोपायचं. मैसूरला दसऱ्याचं प्रदर्शन बघितलंय मी. आमचा सुभेदार घड्याळ घिऊन हुता. धा मिनटं हत्ती, धा मिनटं पाळणा, धा मिनटं दिवं. बराकीत आल्यावर मला हत्ती आठवंना का पाळणा आठवंना, सुभेदाराचं घड्याळच आठवाय लागलं.”

माझी बायको हरणाबाई हसत सुटली. रंगूबाई चुलीपुढं बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. सुलाबाई माहेरी आली होती, ती म्हणाली, “आबा, व्हय म्हणा की!”

मी होय म्हणालो. शेजाऱ्याला जनावरं सांगितली आणि तेरशीला गाडी जुंपली.

ते दोन दिवस मला आता जसेच्या तसे दिसतात. माळावर चिंचेची सात झाडं आहेत, त्यातल्या पहिल्या झाडाखाली गाडी सोडली. संध्याकाळी ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याचं कालवण झालं. चवदसला मी सवयीनं चारला उठलो. बैलांना वैरण टाकली, आणि मग करायला काही नव्हतं. गाडीच्या जूवर बसून राहिलो. हळूहळू उजाडलं. गुंडा आणि रंगूबाई गाडीच्या दोन बाजूंना घोंगड्यांत गाढ झोपलेले. चिंचेतून ऊन खाली आलं, रंगूबाईच्या पायांवर पडलं, मग गुडघ्यांवर, मग तोंडावर. ती उठली तेव्हा मी तिथं बसलेला पाहून धडपडून पदर घेतला. मी तोंड फिरवलं. ती माझ्या घरात बारा वर्षं होती आणि तिला उन्हात झोपलेली मी कधी बघितली नव्हती.

गुंडा नऊला उठला. मग त्यानं सगळ्यांना भज्यांच्या दुकानी नेलं. दुकानदारानं पहिला घाणा काढला तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, दुसरा द्या, पयल्याला तेल तापल्यालं नसतंय.” तेवढा वेळ आम्ही तिथं उभे. मला अवघड झालं, पण दुसरा घाणा खरंच चांगला होता. मग आरशांच्या तंबूत गेलो. तिथं एका आरशात मी उंटासारखा उंच दिसलो आणि हरणाबाई कणगीसारखी. ती आरशापुढून हलेना. गुंडा बाहेरच्या माणसाला म्हणाला, “बघू द्या वयनीला. वीस वर्सांत पयल्यांदा दादापरीस रुंद झालीया.”

पाळणा मोठा होता, लोखंडी, इंजिनावर फिरणारा. त्याच्या कडेनं विजेचे रंगीत दिवे बांधले होते. पण इंजिनाचा पट्टा सांगलीहून यायचा होता. पाळणेवाला म्हणाला, उद्या पुनवेला दिवेलागणीला सुरू करू. गुंडाला घाई नव्हती. पाळण्याखाली उभा राहून त्यानं रंगूबाईला वरचा डबा बोटानं दाखवला. “उद्या त्यात.” ती वर बघून म्हणाली, “लय उंच हाय.” “उंच हाय म्हणूनच.”

दुपारी ऊन तापलं. देवळाच्या उजव्या हाताला एक जुनी ओवरी आहे, दगडी, बुटकी. दादासो गुरव तिच्यात सरपण भरून ठेवायचा. गुंडा त्याला म्हणाला, “गुरव, चार लाकडं बाजूला करतो आन पडतो जरा. गारवा हाय.” दादासो म्हणाला, “पडा की, इंचू चावला तर मला सांगू नका.” गुंडा आत जाऊन झोपला. मला वाटतं तीन तास झोपला असेल. उठून बाहेर आला तो हसतच. मग रंगूबाईला काही निमित्तानं आत घेऊन गेला. मला वाटलं, नवराबायकोचं काहीतरी असेल. मी बैलांना पाण्यावर घेऊन गेलो.

त्या दिवशी तिन्हीसांजेला हरणाबाई विहिरीवरून घागर आणताना घसरली. पाय मुरगळला, घोटा सुजून टेकता येईना. हळद-चुना लावला, पट्टी बांधली, पण पहाटे पाच कोस अनवाणी चालणं काही शक्य नव्हतं.

जोडपं तर लागतं. घराण्यात दुसरं जोडपं एकच होतं.

मी गुंडाला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं ओवरीकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, “दिवटी आमी पेटवतो दादा. पर दिवा हितंच ठिवू. ओवरीत ठिवू. पाच दिस हितंच तेवू दे.”

“आन घरी काय न्यायचं?”

“मग न्हिऊ की. पाच दिसांनी न्हिऊ.”

“खुळा का काय तू? आजवर दिवा थांबला न्हाई. आज्जा-पणज्यानं चालवलंय.”

“उजाडू दे. मग तुला एक दावतो.”

मला वाटलं, पाळणा दाखवणार. मला वाटलं, एका पाळण्यासाठी हा देवीचा मान सोडायला निघालाय. आजूबाजूला तोवर चार माणसं जमली होती. दादासो गुरव होता, पालखीचे मानकरी होते. सगळे बघत होते, मी काय म्हणतो ते. मी मोठ्यानं म्हणालो, “पलटणीत आराम करायची सवं लागली आसंल. देवीचं घड्याळ तुज्या सुभेदारापरीस कडक हाय.”

लोक हसले. गुंडाही हसला, पण मग तो माझ्याकडं बघत राहिला. काहीतरी ओठांवर आलं होतं. त्यानं चार माणसांकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “बरं. तू म्हणशील तसं.”

पहाटे साडेतीनला मी त्यांना उठवलं. गारठा असा होता की बैलांच्या अंगावरून वाफ निघत होती. दोघांनी विहिरीवर थंड पाण्यानं अंघोळ केली. गुंडानं दिवटी धरली, रंगूबाईनं बुधली. देवीपुढं जाळ पेटला, गुलाल उडाला, आणि ते निघाले. जाताना वाटेत पाळणा होता. अंधारात तो काळा दिसत होता, डबे दोरांनी बांधलेले. गुंडा न थांबता पुढं बघतच सुलीला म्हणाला, “सुले, तू बस ग संध्याकाळी. वर गेल्यावर काय दिसतंय ते मला सांग.”

रंगूबाई त्याच्या मागं होती. पाळण्यापाशी तिची मान वळली. फक्त एकदाच, तीही पुरती नाही.

मी ओरडलो, “मागं बघू नगंस!”

ती दचकली. बुधलीतलं तेल तिच्या हातावर सांडलं. तिनं मान सरळ केली, आणि दोघं अंधारात गेले. बराच वेळ दिवटीचा जाळ दिसत होता, लहान लहान होत गेलेला. मधून गुंडाचा खोकला ऐकू येत होता.

मला घरी जायला काहीच हरकत नव्हती. गाडी होती, बैल होते. पण हरणाबाईचा पाय दुखत होता आणि सुली म्हणाली, “आबा, काकांनी सांगितलंय, मी बसणार. आईला चढता याचं न्हाई. मला एकटीला भ्या वाटतं.” म्हणून राहिलो. आता हे लपवून काय उपयोग आहे, मला राहायचंही होतं. दोन दिवसांत मला जत्रेची चव लागली होती.

दिवेलागणीला पाळणा सुरू झाला. सगळे दिवे एकदम लागले तेव्हा माळावरचे लोक ओरडले. सुली आणि मी डब्यात बसलो. पाळणा वर गेला तशी सुलीनं माझा दंड धरला. वर गेल्यावर तो थांबला, कारण खाली दुसरी माणसं बसत होती. आमचा डबा अगदी टोकाला. खाली सगळी जत्रा होती, कंदील, बत्त्या, तंबू, धूर. पलीकडं कृष्णेची रेघ उजेडात चमकत होती. लांब साखर कारखान्याचे दिवे. आणि बोरखळीला जाणारा पांढरा रस्ता, चांदण्यात दोरीसारखा पडलेला. वारा लागत होता. मी पोरासारखा हसलो. सुलीनं माझ्याकडं बघितलं. ती म्हणाली, “आबा, तुमाला मी कवा आसं हसल्यालं बघितलं न्हाई.”

खाली आल्यावर मी पाळणेवाल्याला म्हणालो, अजून एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा ऊन माझ्या तोंडावर होतं. आयुष्यात पहिल्यांदा. हरणाबाई गाडीला टेकून बसली होती, ती म्हणाली, “म्या उठवलं न्हाई.” आम्ही आणखी एक दिवस राहून मग घरी गेलो.

घरी गुंडा तापानं फणफणला होता. सोप्यात देवळीखाली पडून होता, कारण दिव्याजवळून हलायचं नव्हतं. रंगूबाई दिव्यात तेल घालत होती. तिच्या हातावर तेल सांडलं होतं तिथं भाजल्याचा डाग होता. जळती दिवटी जवळ होती, तेल तापलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

गुंडानं डोळे उघडले. “दादा, वरनं काय दिसतं?”

सुली बोलायच्या आत मीच बोललो. “कायबी न्हाई रं. नुसता धुरळा आन छपरांचं पत्रं.”

मला वाटलं, त्याला बरं वाटेल. तो माझ्याकडं बघून हसला. रंगूबाईनं दिव्यावरची नजर उचलली नाही. सुली उठून परसात गेली.

तो ताप पंधरा दिवस राहिला. मग उतरला, पण गुंडाची छाती त्यानंतर पहिल्यासारखी झाली नाही. त्या चालण्यानं झालं की होणारच होतं, हे मी मिरजेच्या डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, असं एका गोष्टीचं सांगता येत नाही. मी अजून एकदा विचारलं, त्यानं तेच सांगितलं.

पुढच्या पौषात त्याला मिरजेच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. माघी पुनवेला मी आणि हरणाबाई दिवटी घेऊन आलो, नेहमीसारखं, अंधारात जाऊन अंधारात निघून. पाच दिवस संपल्यावर मी मिरजेला गेलो. गुंडा उशीला टेकून बसला होता.

“औंदा पाळणा कुठला आलता?”

“मी बघितला न्हाई.”

“आपुन आपलीच जत्रा बघत न्हाई दादा.” एवढं बोलून त्याला खोकल्याची ढास लागली. ती थांबल्यावर तो म्हणाला, “एकदा उजाडल्यावर त्या ओवरीत जाऊन बस. एकटाच जा. सावकाश बस. घाई करू नगंस.”

“ओवरीत काय हाय?”

तेवढ्यात नर्सबाई आली आणि मला बाहेर काढलं. नंतर मी परत विचारलं नाही. आजारी माणूस काहीतरी बोलतो, असं धरलं.

तो गेल्यावर त्याची ट्रंक रंगूबाईनं मला दिली. तिच्यात मी मास्तरांकडून लिहून पाठवलेली पत्रं होती, सगळी, तारखेप्रमाणं लावलेली. ती मला वाचता येत नव्हती. माझीच पत्रं, आणि मला वाचता येत नव्हती. १९७८ साली चावडीत मोठ्या माणसांचा वर्ग निघाला, दुपारी दोन ते चार. मी बावन्न वर्षांचा होतो. पाटी घेऊन जाऊन बसलो. हंबीररावही बसायचा, तो महिन्याभरात पळाला. मी राहिलो.

१९७९ च्या माघात हरणाबाईचे गुडघे चालेनासे झाले होते, म्हणून दिवटीचा मान मी मुलगा भाऊसो आणि सुनेकडं दिला. ती दोघं अंधारात निघून गेली. मी मागं राहिलो. उजाडेपर्यंत देवळाच्या पायरीवर बसलो, तेव्हा गुंडाचं बोलणं आठवलं. ओवरीत गेलो. दादासो गुरवाचं सरपण तसंच होतं. मी लाकडं काढायला लागलो, तर तो आला.

“काय हुडकताय दिवटं?”

“कायबी न्हाई. बसतोय.”

मागच्या भिंतीला एक देवळी होती, आतून काजळीनं काळी झालेली, म्हणजे तिथं कधीकाळी दिवा जळत होता. तिच्या खाली एक दगड होता, त्यावर अक्षरं. दारातून ऊन आत आलं तेव्हा ती उठून दिसली. मी बोट ठेवून एक एक अक्षर लावत गेलो. पहिलं ओळखलं ते ‘दिवटे’, कारण वर्गात पहिलं तेच गिरवलं होतं. बाकीचं लावायला अर्धा तास लागला.

‘ही ओवरी दिवटे मानकरी यांची. उभयतांनी जत्रेचे पाच दिवस दिव्यासह येथे वस्तीस राहावे. विसावा घ्यावा. सहावे दिवशी दिवा घरी न्यावा.’

मी ते तीन वेळा वाचलं. दादासोला विचारलं, तुला माहीत होतं का? तो म्हणाला, “दगड हाय हे ठावं हुतं. सरपणामागं काय लिवलंय ते कोण बघतंय? तुमी कवा राह्यलाच न्हाई.”

ते खरं होतं. कुणीतरी कधीतरी जनावरांसाठी, नाहीतर उसासाठी, घाईनं दिवा घेऊन घरी गेला असेल. पाच दिवस घरात बसलो तरी तेच, असं म्हणाला असेल. मग त्याच्या मुलानं तोच कायदा धरला, आणि माझ्या बापानं, आणि मी. देवीनं आम्हाला विसावा घ्या म्हणून लिहून ठेवलं होतं. ते वाचायला उजेड लागत होता आणि आम्ही कधी उजेडात तिथं थांबलो नव्हतो.

भाऊसो तोवर तीन-चार कोस गेला असेल. मी त्याच्या मागं गेलो नाही. संध्याकाळच्या एस.टी.नं घरी गेलो. रंगूबाई सोप्यात ज्वारी निवडत होती.

“रंगू, ओवरीत दगड हाय.”

तिचे हात थांबले. “व्हय.”

“तुला ठावं हुतं?”

“त्यांनी त्या दुपारी न्हिऊन दावला हुता. वाचून दावला.”

“मग त्या सांजंला बोलला का न्हाई? एवढं भांडलो मी.”

ती सुपातल्या ज्वारीकडं बघत होती. “चार माणसं हुती दादा. तुमाला अक्षर येत न्हवतं. त्ये मला म्हणालं, मी वाचून दावणार, गुरव ऐकणार, पालखीवालं ऐकणार, आन दादा दगडाकडं नुसता बघत उभा ऱ्हाणार. ते मला बघवायचं न्हाई. उजाडलं की एकट्याला न्हिऊन दावतो.” तिनं एक खडा वेचून टाकला. “पर तुमी उजाडू दिलं न्हाई.”

मी उंबऱ्यावर बसलो. मग मी तिला सांगितलं की वरून धुरळा आणि पत्रे दिसत नव्हते. नदी दिसत होती. आपला रस्ता दिसत होता.

“सुलीनं सांगितलं हुतं,” ती म्हणाली. “त्यांनाबी सांगितलं हुतं. तवाच, परसातनं परत आत यिऊन. त्ये म्हणालं, दादा बसला का पाळण्यात? हसला का? मग झालं.”

मी म्हणालो, पुढच्या वर्षापासून दिवा पाच दिवस ओवरीतच राहील. तू चल. तुला पाळण्यात बसव म्हणून मी सुलीला सांगतो.

“पाळण्यात आता कुणासंगं बसू? त्ये नगं.” तिनं सूप उचललं, दोनदा पाखडलं. “झोपाय येईन मातुर. ऊन अंगावर येईस्तवर झोपाय मला आवडतं.”

त्यानंतर दिवा ओवरीतच राहतो. सरपण दादासोनं दुसरीकडं हलवलं. दिव्याजवळ आमच्या घरातलं जोडपं असतं, आणि चिंचेखाली रंगूबाई. सकाळी तिला कुणी उठवत नाही. मला चारलाच जाग येते. मी गाडीच्या जूवर बसून उजाडायची वाट बघतो.

माझा धाकटा भाऊ गुंडा रामजी दिवटे १९७५ सालच्या चैत्रात, मिरजेच्या दवाखान्यात, सकाळी आठच्या सुमाराला वारला. तो सदतीस वर्षांचा होता.